राहिलेल्यांचं गाऱ्हाणं

लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर आंबडखोल गावाची खोली आहे. गावाची म्हणजे कुणा एकाची नाही, अख्ख्या गावाची. गिरण्या चालू होत्या तेव्हा सिंधुदुर्गातून आलेला आंबडखोलचा बाप्या माणूस आधी या खोलीत ट्रंक टेकवायचा आणि मगच गिरणीच्या दारात उभा राहायचा. पाळी बदलली की झोपणारे बदलायचे. एकाची ऊब गेलेली नसायची तोवर दुसरा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. आता तिथे निजायला कुणी येत नाही. भिंतीवर पिशव्या टांगायच्या खुंट्या तेवढ्या उरल्यात, कोपऱ्यात भजनाचा पखवाज आणि सार्वजनिक पूजेची मोठी भांडी. आणि महिन्यातून एका रविवारी ग्रामविकास मंडळाची मीटिंग.

या मीटिंगला हसू नका. कोकणातल्या कितीतरी गावांचा कारभार अशाच मुंबईच्या खोल्यांतून चालत आलाय. गावात देवळाची कौलं बदलायची असोत की जत्रेला दशावतारी कुठले बोलवायचे ते असो, गाववाले म्हणतात, मुंबैकरांना विचारा. पूर्वी मनीऑर्डर मुंबईहून जायची, म्हणून हुकूमही तिथूनच जायचा. मनीऑर्डरी कधीच बंद झाल्या, हुकूम मात्र चालू आहे.

तर त्या रविवारच्या आधी दोन-तीन दिवस कुशाबा जाम बेचैन होता.

कुशाबा म्हणजे सत्तरी ओलांडलेला, काटक, कानात केस आलेला म्हातारा. आधी गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावरचा विणकर, संपानंतर कॉटन ग्रीनच्या गोदामावर वॉचमन, आणि आता याच चाळीच्या खालच्या मजल्यावर एकटा. मंडळात त्याला कुठलंही पद नव्हतं, पण त्याच्यावाचून मीटिंग सुरू होत नसे आणि संपतही नसे. कारण गाऱ्हाणं तो घालायचा. त्याचा बाप गावच्या देवळात रवळनाथापुढे उभा राहून घालायचा, हा लालबागच्या खोलीत नारळ पुढे ठेवून घालायचा. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी केलेलं सरळ बोलणं. एकजण एकेक मागणं मोठ्यानं बोलतो आणि प्रत्येक मागण्यामागे जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. एकदा व्हय म्हटलं की ते देवाच्या कानावर गेलं, मग त्यात मागेपुढे होत नाही. मीटिंगमध्ये कितीही भांडा, हात वर करा, खाली करा, पण शेवटी कुशाबाच्या तोंडून गाऱ्हाण्यात जे गेलं तेच खरं.

त्याच्या बेचैनीचं कारण होती सरकारची एक योजना आणि त्याची धाकटी भावजय.

योजनेचं नाव एवढं लांब होतं की सरपंचालाही ते एका दमात म्हणता येत नसे. सारांश इतकाच, की मागे पडलेल्या गावांचा आर्थिक आणि सामाजिक विकास. एका गावाला एकच काम. आता, आंबडखोलला विकास नवा नव्हता. मागच्या खेपेला अशाच एका योजनेत काय मागायचं असा प्रश्न निघाला, तेव्हा मुंबईच्या खोलीनं एकमुखानं स्वागत-कमान मागितली. सिमेंटची, दोन बाजूंना हत्ती, वर मंडळाचं नाव. सगळे सुट्टीत गेले, कमानीखाली फोटो काढून आले. पाऊस संपल्यावर कळलं की गवताचे भारे भरलेला टेम्पो तिच्याखालून जात नाही. तेव्हापासून गावातले टेम्पो नदीच्या बाजूनं वळसा घालून येतात. मुंबईत याबद्दल कुणी बोलत नाही.

या खेपेला मंडळानं भक्तनिवास ठरवला होता. देवळाखाली जी सामायिक जागा आहे तिथे दुमजली इमारत, संडास-बाथरूमसकट खोल्या. कल्पना मंडळाचा अध्यक्ष जयवंत याची. जयवंत पालिकेतून रिटायर झालेला, बोलायला पक्का, आणि तसा मनानं वाईट नव्हे. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही. गावात निम्म्याहून जास्त घरांना कुलूप. वर्षभर बंद राहिलेलं घर म्हणजे वाळवीची चैन. गणपतीला, जत्रेला गेलं की माणसांनी राहायचं कुठे? बायकामुलांना देवळात किती दिवस निजवणार? पोरं तर आता यायलाच तयार नाहीत, म्हणतात, अंघोळीची सोय नाही.

आणि भक्तनिवासाची सगळ्यांत जास्त गरज कुणाला होती? कुशाबालाच. हे सगळ्या मंडळाला ठाऊक होतं. गावच्या घरात दोन भावांच्या दोन बाजू. कुशाबाची बाजू एका पावसात बसली. त्यानं म्हटलं, आपण राहतोय कुठे तिथे, आणि हात लावला नाही. दुसऱ्या बाजूला धाकट्या भावाची बायको राधा राहत होती. तिनं मधल्या भिंतीला वासे लावून आपली बाजू सावरली. पुढे भाऊ गेला. आता विधवा भावजयीच्या दारात थोरल्या दिरानं पिशवी घेऊन कोणत्या तोंडानं जायचं? म्हणून कुशाबा जत्रेला गेला की देवळात निजायचा. विचारलं की म्हणायचा, देवाजवळ झोप चांगली लागते. राधा जेवणाचं ताट देवळात पाठवून द्यायची. तो जेवायचा, ताट घासून परत द्यायचा आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे.

गावात आपलं म्हणता येईल असं एक छप्पर असावं, कुणाचे उपकार न घेता मरायला तरी तिथे जाता यावं, एवढंच त्याला हवं होतं. जयवंतनं त्याला सांगूनही टाकलं होतं, काका, तळमजल्यावरची देवळाकडची खोली तुमची. कुशाबाचा जीव भांड्यात पडला होता.

आणि तेवढ्यात गुरुवारी सकाळी राधा मुंबईत हजर झाली.

राधा आंबडखोलची सरपंच. जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा कुणीतरी हवं म्हणून तिला उभी केली होती. सगळ्यांना वाटलं होतं, सही करेल आणि गप्प बसेल. पहिली दोन वर्षं तिनं तसंच केलं. आता तिला या योजनेतून दुसरंच काम हवं होतं. फळप्रक्रिया केंद्र. म्हणजे एक मोठी शेड, वाळवणीचं यंत्र, बाटल्या भरायचं यंत्र, एक थंड खोली. तिच्या अंगणात चार बायका मिळून कोकमाचं आगळ काढायच्या, फणसपोळी घालायच्या. मागच्या मोसमात ऐन वेळी पाऊस आला, पोळी बुरसली आणि अर्धे फणस झाडाखालीच कुजले. ग्रामसभेत तिनं विषय काढला, तर लोक म्हणाले, मुंबैकरांना विचार. विचारायलाही हवंच होतं, कारण रस्ता पोचतो अशी जागा एकच, देवळाखालची, आणि तिच्या सातबाऱ्यावर जी नावं आहेत त्यातली जिवंत माणसं बहुतेक मुंबईत. त्यांची संमती असल्याशिवाय सरकार तिथे खड्डाही खणणार नव्हतं.

गावाच्या खोलीत बाईमाणसानं उतरायची पद्धत नाही. म्हणून राधा शेजारच्या खोलीत शांतावहिनीकडे उतरली. शांतावहिनी जयवंतची आई. जयवंत आता माटुंग्याला मोठ्या ब्लॉकमध्ये राहतो, पण म्हातारी चाळ सोडायला तयार नाही. तिनं एके काळी गावाच्या खोलीतल्या सगळ्या गिरणीवाल्यांना जेवू घातलंय. डोळे अधू झालेत, दात गेलेत, तरी जिभेची धार शाबूत आहे.

शुक्रवारी कुशाबा राधाला बाजारात घेऊन गेला. म्हणजे तिनंच म्हटलं, दादानू, बाजार दाखवा. ती चार पावलं मागे चालत होती, पदर सावरत. मसाल्याच्या गल्लीत डंकांचा धडधडाट आणि मिरचीचा ठसका, दोघंही शिंकत निघाले. पुढे कोकणी मालाचं एक दुकान होतं. तिथे राधानं आगळाची बाटली हातात घेतली, उलटी करून बघितली, मालकाला विचारून थेंबभर जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं करून बाटली परत ठेवली. मालक तळकोकणातलाच. तो म्हणाला, मावशी, मलाही कळतं हे काय आहे ते. पण तुमच्या गावाकडून माल येतो तो पाण्याच्या जुन्या बाटल्यांत, एकदा येतो आणि तीन महिने नाही. मला सीलबंद द्या, बारा महिने द्या, मी दुसरा ठेवणार नाही. राधानं त्याचा नंबर घेतला आणि पोलक्यातल्या पाकिटात ठेवला.

परतताना उड्डाणपुलाखाली सिग्नलला उभे असताना ती बोलली. एरवी दिराशी ती दोन वाक्यांवर बोलत नसे.

“सून म्हणता, दिवाळीपर्यंत काय झाला नाय तर आमी मुंबयक जातंव,” ती म्हणाली. “आमच्या पोराचो, विनीतचो, टेम्पो चार महिने चलता, आठ महिने उभो. सुनेचा तरी काय चुकला? पण ती गेली काय मगे घराक कुलूप. मी एकटी रवान काय करू?”

कुशाबाला सुनेचं नाव आठवेना. नाव होतं प्रीती. लग्नाला तो गेला होता, तेव्हाही देवळातच निजला होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो बोलला, की रविवारी तुझं म्हणणं मांड, पण मंडळाचं जवळजवळ ठरलंय. आणि मग, लपवून ठेवणं बरं वाटेना म्हणून, मीही त्याच बाजूचा आहे हेही सांगून टाकलं. खाली बघत सांगितलं.

“माका म्हायत आसा,” राधा म्हणाली. सिग्नल सुटला आणि ते रस्ता ओलांडून गेले.

तिनं दोष दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं. शनिवारभर तो चिडचिड करत होता. नळावर भांडला, पेपरवाल्यावर खेकसला. सरकारला दोन कामं द्यायला काय झालं होतं, असंही त्याला वाटून गेलं. त्याचं चुकतंय काय? आयुष्यभर वळकटीवर काढलं, दुसऱ्याच्या गोदामाची राखण केली, म्हातारपणी गावात एक खोली मिळत असेल तर ती सोडून द्यायची? कुणासाठी? ज्या सुनेचं नावसुद्धा आठवत नाही तिच्यासाठी? संध्याकाळी तो शांतावहिनीकडे चहाला गेला आणि सगळं तिच्यापुढे ओकला. राधा तेव्हा खाली पाणी भरत होती. म्हातारीनं निवांत ऐकून घेतलं.

“मी काय हौसेनं आलेलंय हंय?” शेवटी ती म्हणाली. “त्यावेळी माका कोणी इचारल्यान नाय. गावात काम असता तर मी तुमच्या भाकऱ्या भाजीत बसलंय नसतंय.” एवढं बोलून तिनं कपातला चहा बशीत ओतला. कुशाबा अजूनच वैतागून घरी गेला.

रविवारी खोली भरली. विरार, कल्याण, डोंबिवली, कुठून कुठून माणसं आली. जागा पुरेना म्हणून काही जण दाराबाहेर गॅलरीत उभे राहिले. बायका गॅलरीच्या टोकाला, शांतावहिनी स्टुलावर. राधा सरपंच, म्हणून तिला आत बसायला खुर्ची दिली होती, पण ती दाराशी खालीच बसली. मधे पाटावर नारळ.

सुरुवातीचं गाऱ्हाणं कुशाबानं नेहमीसारखं घातलं. तोंडपाठच होतं. “बा देवा रवळनाथा, आज तुझी लेकरां हंय जमली आसत, त्यांचा गाऱ्हाणा आयकान घे रे म्हाराजा...” व्हय म्हाराजा. “पोटापाण्यासाठी जी लेकरां मुंबयक आयली, त्यांका नोकरीधंद्यात यश दी रे म्हाराजा...” व्हय म्हाराजा. “त्यांच्या पोराबाळांका सुखी ठेव, कोणाची वाकडी नदर पडली आसात तर ती दूर कर रे म्हाराजा...” व्हय म्हाराजा. पोरंटोरं मोबाईल बघत बघत म्हणत होती. सवयच ती, कान एकीकडे आणि तोंड एकीकडे.

मग जयवंत उभा राहिला. छान बोलला. नकाशा दाखवला, रंगीत. गॅलरीसकट दुमजली, दर्शनी भागावर गावाचं नाव. म्हणाला, आपली पुढची पिढी गावाला जोडून ठेवायची असेल तर त्यांना तिथे राहायची जागा दिली पाहिजे, आणि सरकार देतंय तर आपण का सोडायचं? टाळ्या पडल्या. मग राधाला बोलायला सांगितलं. ती उभी राहिली, आणि शुक्रवारी सिग्नलवर बोलली त्यातलं एक अक्षर तिच्या तोंडून निघेना. शेड, यंत्र, कोकम असं काहीतरी ती पुटपुटली. मागून कुणीतरी म्हणालं, आवाज येत नाही. ती थांबली, घसा खाकरला आणि शुद्ध बोलायचा नाद सोडून दिला.

“भक्तनिवास बांधा,” ती म्हणाली. “आमचा काय म्हणणा नाय. फकत चावी कोणाकडे ठेवतलास तां सांगा.”

सगळे हसले. जयवंतही हसला, आपुलकीनंच. म्हणाला, सरपंचबाई, तुमच्याकडेच की, दुसऱ्या कुणाकडे ठेवणार?

“मी आसंय तोवर,” राधा म्हणाली आणि खाली बसली.

हात वर झाले. भक्तनिवासाच्या बाजूनं जवळपास सगळे. कुशाबाचाही हात वर गेला, फार वर नाही, कानापर्यंत. ठराव झाला. चहा सांगितला गेला, कुणीतरी वडे आणायला उतरलं. आता शेवटचं गाऱ्हाणं तेवढं उरलं होतं, की देवा, तुझ्या लेकरांनी भक्तनिवास योजलाय, तो निर्विघ्नपणे पार पाड.

कुशाबा नारळापुढे उभा राहिला. टोपी सारखी केली, हात जोडले.

“बा देवा रवळनाथा,” त्यानं सुरुवात केली, “आज तुझ्या लेकरांनी हंय एक बेत केलो आसा रे म्हाराजा...”

व्हय म्हाराजा.

“पोटापाण्यासाठी जी लेकरां मुंबयक आयली...”

व्हय म्हाराजा, असं खोली म्हणूनही गेली. वाक्य अजून पुरं झालेलं नव्हतं. आणि कुशाबा तिथेच अडला.

शब्द विसरला असं सगळ्यांना वाटलं. तो विसरला नव्हता. आयुष्यभर हे वाक्य त्यानं म्हटलं होतं. आणि त्याच्या आत्ता लक्षात आलं की याच्यापुढे दुसरं वाक्यच नाही. आलेल्यांसाठी मागून झालं की गाऱ्हाणं सरळ वाकड्या नजरेवर जातं. जी आली नाहीत त्यांच्यासाठी या खोलीत कधी कुणी काही मागितलंच नव्हतं. बाप गेला, भाऊ गेला, भावजय भिंतीला वासे लावत बसली, ताटं देवळात पाठवत राहिली, आणि हा इथे उभा राहून देवाला सांगत होता की मुंबैकरांना सांभाळ. कुशाबाला स्वतःची भयंकर लाज वाटली.

जयवंतनं हळूच आठवण केली, काका, भक्तनिवास.

“थांब रे जरा,” कुशाबा म्हणाला आणि पुन्हा नारळाकडे वळला. त्याचा आवाज चढला. “बा देवा, जी लेकरां गावात रवली, ज्यांनी तुझ्या देवळात दिवो लायलो, आमच्या कुलपांची राखण केल्यानी, त्यांच्यासाठी आमी कधी काय मागूक नाय रे म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा,” सवयीनं आवाज आला, पण जरा विस्कळीत. मोबाईल बघणारी पोरं वर बघायला लागली.

“देवळाखालची जागा त्यांच्या कामाक दी. थंय त्यांची शेड उभी रवांदे, त्यांच्या हाताक काम गावांदे, आणि त्यांची पोरां गावातच रवांदे रे म्हाराजा...”

अर्ध्या खोलीनं व्हय म्हटलं आणि अर्ध्या खोलीच्या तोंडातच ते राहिलं. जयवंत उठून उभा राहिला. तोंड लाल झालेलं. तो म्हणाला, काका, हे बरोबर नाही, ठराव झालेला आहे, लोकांनी हात वर केलेत, तुम्हीही केलात, आता असं फसवून व्हय म्हणून घेणं देवालासुद्धा चालणार नाही.

“बरोबर बोललंस,” कुशाबा म्हणाला. त्याला खरंच पटलं होतं ते. त्यानं जोडलेले हात सोडले आणि तो लोकांकडे वळला. “न आयकता व्हय म्हणायची सवय लागली आसा आपणाक. कमानीक पण तसाच म्हटला. आता परत सांगतंय. आधी आयका, मगे म्हणा. नाय पटला तर गप रवा, मी नारळ उचलून गाऱ्हाणा मागे घेतंय.”

आणि त्यानं ते सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. जागा शेडला. भक्तनिवास नाही. शेवटी नारळाकडे वळून तो म्हणाला, “भक्तनिवासात माझी एक खोली होती. ती मी सोडलंय रे म्हाराजा.”

खालून वड्यांची पिशवी घेऊन आलेला माणूस दारात तसाच उभा. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. ज्या म्हाताऱ्याला गावात पाठ टेकायला जागा नाही तोच असं बोलतोय, आता याला काय म्हणायचं? कुशाबानं मनात म्हटलं, संपलं. त्यानं नारळ उचलायला हात पुढे केला.

“व्हय म्हाराजा.”

आवाज गॅलरीतून आला होता. बोळक्या तोंडाचा, फाटका, पण मोठा. शांतावहिनी स्टुलावरून उठून दाराशी आली होती, एका हातानं चौकट धरून. या खोलीच्या गाऱ्हाण्याला बायकांनी ओ द्यायची रीत कधीच नव्हती. खुद्द अध्यक्षाची आई, तिला गप्प कोण करणार? तिच्यामागून गॅलरीतल्या बायकांनी म्हटलं. मग डोंबिवलीचे दोन म्हातारे. मग पाठीमागची पोरं, या वेळी मोबाईल खिशात ठेवून. शेवटी शेवटी सगळी खोलीच म्हणत होती. कुणी मनापासून म्हणालं, कुणी शरमेनं, आणि चार-पाच जण म्हणालेच नाहीत, तेही खरं. जयवंत आईकडे बघत राहिला. मग त्यानं तो रंगीत नकाशा गुंडाळला, रबर लावला आणि खाली बघून, अगदी हळू, तोही म्हणाला.

वडे खाताना मात्र तो कुशाबाशी बोलला नाही. राधापाशी गेला आणि म्हणाला, संमतीचे कागद माझ्याकडे द्या, सह्या मी गोळा करतो, तुम्ही विरार-कल्याण कुठे फिरणार? तो तसा वाईट माणूस नव्हता हे मी आधीच म्हटलंय.

खोली रिकामी झाल्यावर कुशाबा चटया गुंडाळत होता. राधा भांडी विसळून आली आणि दाराशी उभी राहिली. आभार मानेल, रडेल, असं त्याला वाटलं आणि त्यानं आधीच मान फिरवली. असल्या गोष्टी त्याला झेपत नसत.

“दादानू,” ती म्हणाली, “वैशाखात फणस येतले. फोडूक माणूस कमी पडता. येशात?”

कुशाबा चटई हातात धरून उभा राहिला. जत्रेला या, पूजेला या, असं त्याला गावातून वर्षानुवर्षं बोलावणं यायचं. कामाला ये असं गिरणी सुटल्यापासून कुणी म्हटलं नव्हतं, आणि गावातून तर जन्मात नाही.

“निजू खंय?” त्यानं विचारलं. विचारून गेल्यावर त्याचे कान गरम झाले.

“खंय म्हणजे?” राधाला खरंच प्रश्न कळला नव्हता. “घरात. पडवी मोठी आसा. तुमची बाजू पडली, दार खंय पडला?” आणि मग आठवल्यासारखं करून म्हणाली, “येताना कोयतो आणा. आमचो बोथट झालो. हंय बरे गावतत म्हणतत.”

दुसऱ्या दिवशी राधा गावाला गेली. वैशाखाला अजून काही महिने होते. तरी कुशाबा सकाळीच बाजारात उतरला, लोखंडी सामानाच्या दुकानात शिरला आणि कोयते बघायला लागला. एक हातात तोलला, जड वाटला. दुसरा हलका वाटला. दुकानदार वैतागून म्हणाला, आजोबा, नारळाला हवाय ना, कुठलाही चालेल.

“नारळाक नाय,” कुशाबा म्हणाला, “फणसाक. घरी जातंय.” आणि त्यानं तिसरा मागितला.